गांडीव खाली ठेवलेला अर्जुन आणि आईची गोळी

आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय १, श्लोक २८ ते ४७



पहिला अध्याय आपण बहुतेक जण उरकून टाकतो. शंखांची नावं, वीरांची नावं, मग अर्जुनाचं रडगाणं. "खरी गीता दुसऱ्या अध्यायाच्या अकराव्या श्लोकापासून सुरू होते" असं कुणीतरी सांगितलेलं असतं आणि आपण थेट तिथे उडी मारतो. मीही वर्षानुवर्षं तेच केलं. कॉलेजात असताना तर पहिला अध्याय म्हणजे सॉफ्टवेअर टाकताना येणारा तो लांबलचक करारनामा, न वाचता खाली सरकवायचा आणि "मान्य आहे" दाबायचं, अशी माझी पद्धत होती.

आज या वीस श्लोकांवरच थांबायचं आहे. पोस्ट मोठी होणार आहे, आधीच सांगतो.

अर्जुन इथे आधी काय सांगतो ते बघा. कुळाचा नाश, धर्म, पाप हे सगळं नंतर येतं. सुरुवात शरीरापासून होते. गात्रं गळाली आहेत. तोंडाला कोरड पडली आहे. अंगाला कापरं भरलंय, अंगावर काटा उभा राहिलाय. हातातलं गांडीव निसटायला लागलंय. कातडीची आग होतेय. उभं राहवत नाही, मन भोवंडल्यासारखं झालंय. आणि शेवटच्या श्लोकात तो धनुष्यबाण टाकून रथात खाली बसतो.

२०२३ च्या उन्हाळ्यात इस्लापूरच्या घरी मी हे श्लोक वाचत होतो. आतल्या खोलीत आई पडली होती. आणि एकदम लक्षात आलं की ही तर आईच्या मागच्या आठ महिन्यांची नोंदवही आहे. तोंडाची कोरड. रेडिएशनने भाजून काळी पडलेली कातडी. हातातून निसटणारी वाटी (केमोच्या काही औषधांनी बोटांच्या टोकांना बधिरपणा येतो, आईला पकडलेली वस्तू सुटली हे आवाज झाल्यावरच कळायचं). उभं राहिलं की गरगरणं. मला यादीत फार काही बदलावं लागलं नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : आम्ही इस्लापूरचे. नांदेड जिल्हा, किनवट तालुका. सहस्रकुंडचा धबधबा बघायला पावसाळ्यात कुणी आलं असेल तर गाव ओळखीचं असेल. मी पुण्यात नोकरीला, आई-बाबा गावी. २०२२ मध्ये आईला स्तनाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन, केमो, रेडिएशन हे सगळं मुंबईला टाटा मेमोरियलमध्ये झालं. किनवटहून नंदीग्राम एक्सप्रेस, एक अख्खी रात्र, मग परळ. (कुणाच्या घरी हे चालू असेल तर लक्षात ठेवा, उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला रेल्वेत स्लीपर आणि थर्ड एसीला पूर्ण भाडं माफ असतं, सोबत्यालाही मोठी सवलत मिळते. आम्हाला हे तिसऱ्या फेरीला कळलं.) तिथल्या मुक्कामाबद्दल एवढंच सांगतो की दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत किंवा परळच्या नाना पालकर स्मृती समितीच्या रुग्णसेवा सदनात जाऊन या एकदा. सेवा म्हणजे काय यावर मी कितीही पोस्ट लिहिल्या तरी त्या इमारतींच्या जिन्यात जे कळतं ते त्यात येणार नाही.

मे महिन्यात उपचार संपले. बाबांनी गल्लीत पेढे वाटले. सगळे म्हणाले, सुटलात. आणि आई बरोबर त्याच आठवड्यापासून खचायला लागली.

हे मला अजिबात अपेक्षित नव्हतं. केमो चालू असताना ती घट्ट होती, आम्हालाच धीर द्यायची. मग सगळं पार पडल्यावर का? नंतर वाचलं आणि लोकांशी बोललो तेव्हा कळलं की हे फार जणांना होतं. उपचार चालू असतात तेव्हा रोजचं काम ठरलेलं असतं. आज रक्त तपासायचं, उद्या सलाईन, परवा डॉक्टर. माणूस त्या वेळापत्रकावर चालत राहतो. एक दिवस वेळापत्रक संपतं. दवाखान्याचे लोक दिसेनासे होतात, घरचे आपापल्या कामाला लागतात, आणि तोपर्यंत बाजूला सारून ठेवलेली भीती घरात येऊन बसते. आईला पाठीत उसण भरली तरी वाटायचं, परत आला. तपासणीची तारीख जवळ आली की आठ दिवस जेवण जायचं नाही.

आता माझी चूक सांगतो. मी रोज सकाळी तिला संदेश पाठवायचो. सूर्योदयाचा फोटो, खाली "सकारात्मक राहा". फोनवर सांगायचो, आई, तू किती मोठी लढाई जिंकलीस, आता रडायचं काय कारण? विठ्ठलावर भार टाक. ती म्हणायची, "हो रे बाबा, तुझं बरोबर हाय." एवढंच. मग बाबांकडे फोन द्यायची. हळूहळू आमचं बोलणं "जेवलीस का, गोळी घेतलीस का" एवढ्यावर आलं.

इथे परत ग्रंथाकडे येऊ. २८ पासून ४६ पर्यंत अर्जुन बोलतोय आणि श्रीकृष्ण एक शब्द बोलत नाहीत. पहिल्या पूर्ण अध्यायात त्यांच्या तोंडी एकच छोटं वाक्य आहे, पंचविसाव्या श्लोकात, आणि तेही "हे जमलेले कौरव बघ" एवढंच. मित्र कोसळत असताना साक्षात भगवंत मध्ये तोंड घालत नाहीत. "असं नको बोलूस" म्हणत नाहीत. आणि "तुझ्या मागच्या जन्माचं काहीतरी असेल" हे तर मुळीच म्हणत नाहीत. आमच्याकडे भेटायला आलेल्या तीन-चार जणांनी आईसमोर हे म्हणून दाखवलं. आपण भक्तिमार्गातली माणसं आजाऱ्याच्या उशाशी बसून कर्मसिद्धान्त फार सहज सांगतो. मला आता त्याचा राग येतो, लपवत नाही.

पुढचा भाग त्याहून महत्त्वाचा. दुसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या-तिसऱ्या श्लोकात श्रीकृष्ण अर्जुनाला दोन श्लोकांत धीर देऊन बघतात. जरा कडक शब्दांत. हे तुला शोभत नाही, मनाचा दुबळेपणा सोड, ऊठ. आणि त्याने काय होतं? अर्जुन उठतो का? नाही. तो आणखी पाच श्लोक तेच दुःख जास्त खोलवर सांगतो, शेवटी "मी लढणार नाही" म्हणून गप्प होतो. मोठ्या आचार्यांनी या जागेचा अर्थ बराच खोल लावला आहे, मी तो खोडत नाही. पण माझ्यासारख्या सामान्य वाचकाला एवढं दिसतं की "ऊठ, हिंमत धर" हे खुद्द भगवंतांनी म्हटलं तरी समोरच्याचं बोलणं पुरतं झालेलं नसेल तर ते उपयोगी पडलं नाही. उपदेश सुरू होतो तो अर्जुन सगळं बोलून झाल्यावर आणि "मला सांगा" असं त्याने स्वतः म्हटल्यावर.

माझे सूर्योदयाचे संदेश म्हणजे ते दोन श्लोक होते. तेही मी रोज सकाळी पाठवत होतो.

ज्यांनी आईला पहिल्यांदा बोलतं केलं त्या आमच्या गावच्या भजनी मंडळातल्या एक काकू. त्यांना बारा वर्षांपूर्वी गर्भपिशवीचा कॅन्सर झालेला, गावात फारसं कुणाला माहीत नव्हतं. त्या एका दुपारी आल्या, चहा घेतला, आणि आईला विचारलं, "रात्री किती वाजता जाग येते तुम्हाला? मला तीनला यायची." बस. आई दोन तास बोलत होती. केस गेल्यावर आरसा उलटा ठेवला होता ते, ब्लाऊज शिवायला टाकायची लाज वाटते ते, हळदीकुंकवाला गेलं तर बायका ताट जरा लांबून पुढे करतात असं वाटतं ते. यातलं एकही मला मुलगा म्हणून कधी कळलं नसतं. बाबांनाही नाही. बाबा शेजारच्या खोलीत पेपर धरून बसले होते, पान उलटत नव्हतं.

मुंबईत हेच काम संस्था म्हणून चालतं. वंदना गुप्ता स्वतः कॅन्सरमधून बाहेर आल्या आणि १९९४ मध्ये त्यांनी व्ही केअर फाउंडेशन सुरू केलं; तिथे रुग्णांशी बोलायला बसणाऱ्यांत स्वतः या आजारातून गेलेली माणसं असतात. त्याच्याही कितीतरी आधी, १९५२ मध्ये, न्यूयॉर्कमध्ये तेरेस लासर नावाच्या बाईंनी स्तनाच्या ऑपरेशननंतर दुसऱ्या बायकांना भेटायला जायला सुरुवात केली, त्यातून "रीच टू रिकव्हरी" उभं राहिलं. कल्पना तीच : जी या वाटेने गेली आहे तिने शेजारी बसायचं. आमच्या काकूंनी यातलं काही वाचलेलं नव्हतं.

मग मी माझी पद्धत बदलली. डॉक्टरांकडे मनाचा त्रास मोजायला एक साधी पट्टी असते, तापमापकाच्या चित्रासारखी, शून्य ते दहा. मागच्या आठवड्यात मनाला किती त्रास झाला ते रुग्णाने स्वतः दाखवायचं. चार किंवा त्याच्या वर गेलं तर नीट चौकशी करायची, असा संकेत आहे. मी इंजिनिअर, मला आकडा मिळाला की बरं वाटतं. दर रविवारी आईला विचारायला लागलो. ती म्हणाली, मला तुझं ते दहा-बिहा कळत नाही, मी आण्यात सांगते. सोळा आणे म्हणजे मन पूर्ण बरं. मग "आज दहा आणे", "आज बारा आणे", आणि एका रविवारी, "आज चार आणे बी नाही रे." त्या दिवशी मी काही समजावलं नाही. "बरं, सांग" म्हणालो आणि फोन कानाला लावून बसलो. पन्नास मिनिटं. त्यातली वीस ती नुसती रडत होती. मध्ये एकदा "ऐकायलास ना?" असं विचारलं तेवढंच.

सलग तीन रविवार आकडा सहाच्या खाली राहिला तेव्हा आम्ही नांदेडला मानसोपचारतज्ज्ञांना दाखवलं. आईचा आधी नकार होता, "मी येडी झाली नाही". मी म्हणालो, अर्जुन वेडा झाला होता का? तर हसली आणि आली. काही महिने एक छोटी गोळी आणि बोलणं, दोन्हींचा फायदा झाला. नामस्मरण करणाऱ्या माणसाला नैराश्य येऊच शकत नाही, आलं तर श्रद्धा कमी, असं समजणारे आपल्यात बरेच आहेत. कृपया असं कुणाला म्हणू नका. ज्यांना डॉक्टरांपर्यंत लगेच जाता येत नाही त्यांच्यासाठी सरकारची टेलिमानस सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेली. १४४१६ हा क्रमांक, फुकट, मराठीतून बोलता येतं.

आता गोळीची गोष्ट. शीर्षकात आहे ती.

आईचा कॅन्सर हार्मोनवर वाढणाऱ्या प्रकारचा होता. अशा वेळी ऑपरेशन, केमो झाल्यावरही काही वर्षं रोज एक गोळी घ्यावी लागते. पाळी गेलेल्या बायकांना बहुतेक वेळा लेट्रोझोल किंवा त्या गटातली गोळी देतात. दिसायला इतकीशी, रोज एक, पण आजार परत येऊ नये यासाठीचं ते मुख्य औषध आहे. तिचा त्रास असा की सांधे धरतात. निम्म्याच्या आसपास बायकांना सांधेदुखी होते असं अभ्यासांत दिसलेलं आहे. आई सकाळी उठली की बोटांची मूठ वळायची नाही. "हाडं ठणकायलीत" म्हणायची, आणि मी म्हणायचो, वयाप्रमाणे होतं आई.

दिवाळीला घरी गेलो. औषधांचा डबा आवरताना सवयीने पट्ट्या मोजल्या. हिशेब जुळेना. जवळजवळ सात आठवड्यांच्या गोळ्या जास्त शिल्लक होत्या. आणि डब्याच्या मागे एक तपकिरी बाटली, लेबल नसलेली. नात्यातल्या एकांनी कुणा माहीतगाराकडून आणून दिलेला काढा. सोबत सांगितलेलं की इंग्रजी औषध गरम पडतं, हाडं पोखरतं, ते बंद करून हा घ्या, मुळापासून जाईल. आईने खरंच बंद केलं होतं. सांधे दुखायचे थांबले, म्हणजे काढा लागू पडला असं तिला वाटलं. दुखणं थांबलं होतं ते गोळी बंद केली म्हणून.

मला काय वाटलं ते लिहीत नाही. ओरडावंसं वाटलं एवढं खरं.

त्या रात्री झोप लागली नाही म्हणून महाभारत काढलं. आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली गोष्ट आहे. उद्योगपर्वात अर्जुन आणि दुर्योधन दोघंही श्रीकृष्णांकडे मदत मागायला जातात, आणि श्रीकृष्ण सांगतात की मी हातात शस्त्र धरणार नाही, मी नुसता बरोबर असेन. अर्जुन तेच निवडतो. मग अठरा दिवस श्रीकृष्ण काय करतात? रथ हाकतात. द्रोणपर्वात जयद्रथवधाच्या दिवशी भर रणात घोडे थकतात, तेव्हा श्रीकृष्ण ते सोडतात, त्यांच्या अंगात रुतलेले बाण काढतात, पाणी पाजतात, खरारा करतात, आणि पुन्हा जुंपतात. तोवर अर्जुन जमिनीवर उभा राहून लढत असतो. सारथ्याने बाण मारले नाहीत. पण ते घोडे तसेच राहिले असते तर त्या दिवशी रथ जयद्रथापर्यंत पोचला नसता.

माझ्या डोक्यातला गोंधळ तिथे सुटला. योग, प्राणायाम, भजन, मालिश, ध्यान, नामजप, काकूंबरोबरचा चहा हे सगळं सारथ्याचं काम आहे. घोड्यांची काळजी. त्याने थकवा हलका होतो, झोप येते, भीती आवाक्यात राहते, उपचार सहन होतात. गांडीव म्हणजे ती रोजची गोळी. जो म्हणतो "मी रथ हाकतो, तू लढ" तो सारथी. जो म्हणतो "गांडीव ठेव खाली, मी बघतो", त्याचे कपडे भगवे असोत की पांढरे, तो सारथी नाही. पूरक आणि पर्यायी हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो, तिथे घोटाळा होतो.

हे फक्त माझं मत नाही. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये एक तुलना छापली. शरीरात न पसरलेला कॅन्सर असताना नेहमीचे उपचार नाकारून फक्त पर्यायी उपचार घेतलेल्या २८१ जणांची, नेहमीचे उपचार घेतलेल्यांशी. पर्यायीवाल्यांत मृत्यूचा धोका अडीच पट निघाला. स्तनाच्या कॅन्सरमध्ये तर पाच पटींहून जास्त.

आणि दुसरी बाजू आपल्या मुंबईची. टाटा मेमोरियलमध्येच डॉ. नीता नायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्तनाच्या कॅन्सरच्या ८५० बायकांवर योगाचा मोठा प्रयोग केला, डिसेंबर २०२२ मध्ये सॅन अँटोनियोच्या परिषदेत तो मांडला. बायकांचे गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे पाडले होते, म्हणजे ज्यांना आवड आहे त्यांनाच योग दिला असं नाही. योग करणाऱ्या गटात आजार न उलटता जगण्याचं प्रमाण १५ टक्क्यांनी आणि एकूण जगण्याचं १४ टक्क्यांनी सुधारलेलं दिसलं, असं त्यांनी सांगितलं. ही बातमी "योगाने कॅन्सर बरा होतो" अशा शीर्षकाने आपल्या ग्रुपवर फिरली होती. तसं त्यात काहीच नव्हतं. त्या बायकांचे नेहमीचे उपचार पूर्ण चालू होते, योग त्यांच्या जोडीला होता. आसनंही योगशिक्षक, डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट यांनी मिळून ठरवलेली, सौम्य, मध्ये भरपूर विश्रांती आणि प्राणायाम. टीव्हीवर बघून शीर्षासन नव्हे. लेट्रोझोलने हाडं ठिसूळ होऊ शकतात, ज्या बाजूचं ऑपरेशन झालंय त्या हातावर एकदम भार टाकायचा नसतो, हे शिकवणाऱ्याला माहीत असायला हवं.

सांधेदुखीचंही तसंच. त्यावर उपाय आहेत, फक्त आम्ही डॉक्टरांना विचारलंच नव्हतं. या गोळ्यांच्या सांधेदुखीवर नियमित व्यायामाने फरक पडतो हे दिसलेलं आहे. कॅन्सरतज्ज्ञांच्या अमेरिकेतल्या संघटनेने २०२२ च्या शिफारशींमध्ये त्यासाठी ॲक्युपंक्चरही सांगितलंय. २०२३ च्या शिफारशी चिंता आणि नैराश्याबद्दल आहेत, त्यात ध्यानावर आधारलेले कार्यक्रम आणि योग आहेत. संगीताबद्दल २०२१ मध्ये कॉक्रनने ८१ प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला, मोठ्या माणसांमध्ये संगीताने चिंता कमी व्हायला, वेदना आणि थकवा हलका व्हायला मदत होते असं त्यात आहे. हे वाचून मी आईला म्हणालो, बघ, तुझं भजन प्रयोगात सिद्ध झालं. ती म्हणाली, "मग आधी काय खोटं होतं का?"

पोटात घ्यायच्या गोष्टींबद्दल मात्र मी आता फार सावध झालोय. "नैसर्गिक आहे, त्रास काय होणार" हे वाक्य ऐकलं की मी विचारतो, आत काय आहे? साधी हळदसुद्धा बघा. भाजीतली हळद ठीक आहे. पण हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल, त्यातून मिरीचा अर्क घातलेल्या, टॅमॉक्सिफेन या औषधाबरोबर घेतल्या तर त्या औषधाचं रक्तातलं काम करणारं रूप कमी होतं असं २०१९ मध्ये नेदरलँड्सच्या संशोधकांना दिसलं. हळदीची ही गत, तर बिनलेबलच्या बाटलीचं काय सांगावं? आयुर्वेद घ्यायचा तर रीतसर शिकलेल्या वैद्यांकडून, आणि कॅन्सरच्या डॉक्टरांना ती चिठ्ठी दाखवून. दोघांना एकमेकांचं माहीत पाहिजे. लपवून काही नको.

परत त्या दिवाळीकडे. सकाळी मी बाटली आणि पट्ट्या दोन्ही आईसमोर ठेवल्या. रात्रभर मनात भाषण तयार केलं होतं. पण अठराव्या अध्यायातला त्रेसष्टावा श्लोक आठवला. सातशे श्लोकांची गीता संपत आलेली असताना श्रीकृष्ण म्हणतात की मी सांगायचं ते सांगितलं, आता नीट विचार कर आणि तुला हवं ते कर. भगवंत अर्जुनाचा हात धरून धनुष्य उचलायला लावत नाहीत. मग मी कोण? मी विचारलं, आई, का बंद केलीस? मला का नाही सांगितलंस?

ती म्हणाली, "तू रागावशील म्हणून. आन् दुखतंय म्हणलं की तू वयाचं म्हणायचास."

म्हणजे तिचा विषादाचा अध्याय मीच ऐकला नव्हता. काढा देणाऱ्याने निदान तिचं दुखणं खरं मानलं होतं. लोक तिकडे का जातात याचं उत्तर मला त्या दिवशी मिळालं, आणि त्यात माझा वाटा होता.

मग मी तिला गोळी काय करते ते सांगितलं, तिच्या भाषेत. शेत नांगरून, तण उपटून झालं तरी बी कुठे राहिलंय दिसत नाही, म्हणून त्याला पाणी मिळू द्यायचं नाही, ते काम ही गोळी करते. तिने विचारलं, किती वर्षं? मी म्हणालो, निदान पाच. ती गप्प बसली. मी पण. बाबा म्हणाले, "मी चालत जाईन तुझ्यासंगं रोज सकाळी. माझे बी गुडघे धरलेत." लग्नाला पस्तीस वर्षं झाली, बाबांनी आईला फिरायला चल म्हटल्याचं मी पहिल्यांदा ऐकलं.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांना सगळं खरं सांगितलं. ते रागावले नाहीत. त्याच गटातली दुसरी गोळी लिहून दिली, एक चाललं नाही तर दुसरी सोसते असं बऱ्याचदा होतं म्हणाले. फिजिओथेरपीच्या मॅडमनी दहा हालचाली शिकवल्या, मी त्याचा व्हिडिओ काढून बाबांच्या फोनवर ठेवला. आता त्या दोघांचं सकाळचं ठरलेलं आहे : स्टेशनकडच्या रस्त्याने एक चक्कर, मग अंगणात सतरंजी टाकून हालचाली, मग हरिपाठ, चहा, आणि चहानंतर गोळी. गोळी घेतली की बाबा कॅलेंडरवर टिळ्यासारखी एक उभी रेघ मारतात. काकू बुधवारी येतात. गेल्या पावसाळ्यात त्या दोघी शेजारच्या गावातल्या एका बाईला भेटून आल्या, तिचं नुकतंच निदान झालंय. आईने तिला काय सांगितलं ते विचारलं तर म्हणाली, काही नाही, तिलाच बोलू दिलं.

सांधे अजून दुखतात. तपासणीच्या आधीचा आठवडा अजून अवघड जातो. गेल्या रविवारी अकरा आणे होतं.

तुमच्या घरी, ऑफिसात कुणी या वाटेवर असेल तर आज त्यांना सुविचार पाठवण्याऐवजी फोन करा, आणि "दुखतंय" म्हणाले तर कुठे, कधी, किती ते विचारा. खाली कुणी स्वतःचा अनुभव लिहिलात तर मी वाचतो, उत्तर उशिरा येईल.

उद्याचं वाचन : अध्याय २, श्लोक १ ते १०.

राम कृष्ण हरी.